पहिल्या स्पर्धेला उतरताना: कोल्हापूरच्या नव्या बुद्धिबळपटूंसाठी इटालियन ओपनिंग आणि टेबलावरची शिस्त

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात बुद्धिबळ स्पर्धांची पत्रकं फिरायला लागतात. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, क्लासच्या दारावर चिकटवलेली दिसतात, एखाद्या पेठेतल्या तरुण मंडळानंही स्पर्धा ठेवलेली असते. घरी किंवा मोबाइलवर बऱ्यापैकी खेळणारी मुलं दरवेळी एकच विचारतात आणि मुलांना सोडता-आणता स्वतःच खेळावंसं वाटू लागलेले पालकही तेच विचारतात: आत्ताच उतरावं, की अजून तयारी करून? माझं उत्तर ठरलेलं आहे. सगळ्या सोंगट्या कशा चालतात ते पक्कं माहीत असेल, किल्लेकोट (कॅसलिंग) करता येत असेल आणि नुसता वजीर हाताशी असताना एकट्या राजावर मात करता येत असेल, तर उतरा. बाकीचं स्पर्धाच शिकवते.

जाण्याआधी दोन गोष्टींची मात्र तयारी हवी. एक ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा ठरलेला क्रम, ज्यातली प्रत्येक चाल कशासाठी आहे हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं. आणि टेबलावर बसल्यावरची शिस्त. नव्या खेळाडूचे बहुतेक डाव चाली पाठ नव्हत्या म्हणून जात नाहीत, डोक्याच्या आधी हात उचलला गेला म्हणून जातात. इटालियन ओपनिंग मी सुचवतो ते त्यामुळंच. त्यात घाई करावी लागत नाही.

स्पर्धा कोणती निवडायची

पत्रकात बक्षिसांच्या आधी वेळेचा रकाना वाचा. ‘१५ मिनिटं अधिक १० सेकंद’ असं लिहिलं असेल तर पूर्ण डावासाठी प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव मिळतात. हा रॅपिड प्रकार, साधारण एका दिवसात उरकतो. ‘९० मिनिटं अधिक ३० सेकंद’ म्हणजे क्लासिकल. एकेक डाव तीन-चार तास चालू शकतो आणि स्पर्धा काही दिवस चालते. पहिल्यांदा जिल्ह्यातलीच एकदिवसीय, विनामानांकन (अनरेटेड) रॅपिड स्पर्धा घ्या. एका दिवसात पाच-सहा वेगवेगळी माणसं समोर बसतात, एवढा अनुभव घरी महिनाभर खेळूनही मिळत नाही.

फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) रेटिंगची, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याची, घाई नको. मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत १४०० च्या खालचं रेटिंगच नाही. यादीत नाव यायचं तर किमान पाच डाव रेटिंग असलेल्या खेळाडूंशी व्हावे लागतात आणि कामगिरीही त्या पातळीची लागते. पहिल्याच रेटेड स्पर्धेत एकही गुण मिळाला नाही तर ते निकाल धरलेच जात नाहीत. म्हणजे लवकर जाऊन नुकसान नाही, पण फीच्या मानानं हातात फारसं काही येतही नाही. जाल तेव्हा राष्ट्रीय महासंघाकडची नोंदणी आधी ऑनलाइन करून ठेवा. ती नसली तर ऐनवेळी नाव अडतं.

बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. त्यात हरलेला बाहेर पडत नाही, सगळे जण सगळ्या फेऱ्या खेळतात. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो. त्यामुळं नवख्याच्या वाट्याला पहिलाच डाव तगड्या खेळाडूशी येतो, आणि आपल्याकडं तो खरोखर तगडा असू शकतो. सांगली तासाभरावर आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं तिथं हा खेळ घराघरात नेला. इचलकरंजी-जयसिंगपूरची पोरंही कमी नाहीत. कोल्हापूरच्या ऋचा पुजारी तर वुमन इंटरनॅशनल मास्टर झाल्या, हा महिलांचा आंतरराष्ट्रीय किताब. पहिली फेरी हरलात तर पद्धतच तशी आहे हे लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीपासून समान गुण असलेले एकमेकांसमोर येतात आणि खरी तुमच्या पातळीची स्पर्धा तिथून सुरू होते.

पावसाळ्यात स्पर्धा असेल तर आदल्या रात्री रस्त्याची चौकशी करा. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की वडणग्याकडून येणाऱ्यांना वळसा पडतो. पत्रकात ‘डिफॉल्ट टाइम’ दिलेला असतो, म्हणजे फेरी सुरू झाल्यावर किती मिनिटांपर्यंत आलेलं चालतं ते. तेवढ्या वेळात खुर्चीत नसलात तर डाव न खेळता जातो. कारण पुराचं असलं तरी.

घरी आजोबांकडून शिकला असाल तर

हे वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्याकडं अजूनही कितीतरी मुलं घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच पट शिकतात. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जातं. किल्लेकोट नसतो. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या पट्टीतून गेलं त्या पट्टीचं मोहरं होतं. स्पर्धेत हे काहीच चालत नाही. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, पोचल्यावर हवं ते मोहरं घेता येतं, आणि दोन घरं उडी मारून शेजारी येऊन थांबलेलं प्यादं लगेच पुढच्या चालीला तिरकं मारता येतं, म्हणजे एन पासाँ. हे तीन नियम पटावर सोंगट्या मांडून हातानं करून बघा. नुसते वाचून लक्षात राहत नाहीत.

पांढऱ्याकडून पहिल्या अकरा चाली

इटालियन ओपनिंग चारशे वर्षांहून जुनं आहे. जोआकिनो ग्रेको या इटालियन खेळाडूनं १६२० च्या सुमारास लिहून ठेवलेल्या डावांत ते आहे, आणि २०१६ साली न्यूयॉर्कला कार्लसन-कार्याकिन जगज्जेतेपदाच्या लढतीतही ते खेळलं गेलं. पट मांडून घ्या आणि पुढचं वाचताना चाली करत चला. घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूनं आडव्या ओळी १ ते ८.

पहिली चाल ई४, उत्तर ई५. दोघांनी मधली जागा धरली, उंट आणि वजीर यांना वाट मिळाली. दुसरी चाल घोडा एफ३. हा घोडा ई५ वरच्या प्याद्यावर नेम धरतो. काळा ते राखायला घोडा सी६ वर आणतो. तिसरी चाल उंट सी४, आणि इथं ओपनिंगला आपलं रूप येतं. उंटाची नजर एफ७ वर आहे. सुरुवातीला त्या प्याद्याला राजाखेरीज कुणाचाच आधार नसतो. काळा बहुधा तेच करतो, उंट सी५, आणि त्याची नजर आपल्या एफ२ वर.

चौथी चाल सी३. नव्या माणसाला ही चाल आळशी वाटते, पण अख्खा डाव तिच्याभोवती फिरतो. सी३ वरचं प्यादं डी४ ला आधार देतं. आज ना उद्या आपण डी४ ढकलणार, काळ्याचा उंट हाकलणार आणि मध्यावर दोन प्यादी शेजारी उभी करणार, हा बेत इथं ठरतो. काळा घोडा एफ६ वर आणतो, आता आपलं ई४ चं प्यादं माराखाली आहे.

इथं वाट फुटते. पाचव्या चालीला लगेच डी४ ढकलता येतं. काळा ते मारतो, आपण सी प्याद्यानं परत घेतो, तो बी४ वरून उंटानं शह देतो आणि पट एकदम पेटतो. ग्रेकोला हीच वाट आवडायची. पण तिथं एक चाल विसरली की प्यादं जातं, दोन विसरल्या की डाव जातो. पहिल्या स्पर्धेसाठी पाचवी चाल डी३ ठेवा. ई४ ला पक्का आधार मिळतो, सी१ च्या उंटाची वाट मोकळी होते, आणि डी४ चा बेत रद्द न होता पुढं ढकलला जातो. खासबागेत कुस्त्या बघितलेल्यांना हे समजवावं लागत नाही. सलामी झडली की चांगला पैलवान लगेच डाव टाकत नाही, हाताला हात लावून आधी समोरच्याचा जोर अजमावतो.

काळा डी६ खेळतो. सहावी चाल किल्लेकोट, काळ्याचाही किल्लेकोट. सातवी चाल एच३. बरीच पुस्तकं इथं आधी हत्ती ई१ देतात, पण हत्ती एफ१ वरून हलला की एफ२ चा एक राखणदार कमी होतो आणि काळ्याचा घोडा जी४ वर येऊन उंटाच्या जोडीनं तिथंच धडक देतो. मोठे खेळाडू ते सांभाळतात. नवख्यानं आधी एच३ खेळून जी४ चं दार लावून घ्यावं. काळ्याचा उंटही मग जी४ वर येऊन आपला एफ३ चा घोडा वजिरासमोर खिळवू शकत नाही, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर जाईल असा अडकवू शकत नाही.

आता काळा बहुधा ए६ खेळून आपल्या उंटाला ए७ वर परतायची जागा करतो. आठवी चाल हत्ती ई१, काळा उंट ए७. नववी चाल उंट बी३. काही धोका दिसत नसताना उंट मागं का घ्यायचा? कारण काळ्याचा घोडा ए५ वर आला तर उंटाला शांतपणे सी२ वर जाता यावं. सी३ च्या चालीनं सी२ चं घर आधीच मोकळं झालेलं आहे. काळा एच६. दहावी चाल दुसरा घोडा डी२. सी३ वर प्यादं असल्यानं त्याची नेहमीची जागा गेलेली आहे, म्हणून तो लांबून येतो. काळा हत्ती ई८. अकरावी चाल तोच घोडा एफ१, पुढं जी३. हत्ती ई१ वर आधी का नेला ते इथं कळतं, एफ१ चं घर घोड्यासाठी रिकामं हवं होतं. जी३ वरून घोड्याची नजर एफ५ वर, म्हणजे काळ्याच्या राजाच्या अंगणात. ई४ ला आता हत्ती, डी३ चं प्यादं आणि घोडा असे तीन आधार झाले. मग डी४.

या अकरा चाली शंभर वेळा घोकू नका. चार वेळा खेळा आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं कारण सांगा. लहान मुलाला शिकवत असाल तर त्यालाच विचारा, ‘हा घोडा इथं कशाला आणलास?’ उत्तर आलं नाही तर ती चाल त्याची झालेली नाही.

एक इशारा. काळ्यानं किल्लेकोट केलेला नसताना आपला दुसरा उंट जी५ वर नेऊन त्याचा घोडा खिळवायचा मोह होतो. तो एच६ खेळतो, आपण उंट एच४ वर घेतो, तो जी५ ढकलतो, आणि आता त्याची प्यादी आपल्याच राजाकडं चालून येतात, कारण आपला किल्लेकोट झालेला असतो आणि त्याचा राजा अजून मध्यावरून दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो. उंट जी५ वर न्यायची घाई नको.

समोरचा वाट सोडतो तेव्हा

पुस्तकासारख्या चाली समोरून येतीलच असं नाही. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये पुढचे प्रकार हमखास दिसतात.

तिसऱ्या चालीला काळा उंटाऐवजी घोडा एफ६ वर आणतो. तुम्ही डी३ खेळा, नंतर सी३, किल्लेकोट, आणि वरचाच आराखडा लागू पडतो.

तिसऱ्या चालीला काळा घोडा डी४ वर टाकतो. हा सापळा आहे, नीट बघून ठेवा. ई५ चं प्यादं फुकट दिसतं. पांढऱ्यानं घोड्यानं ते मारलं की काळा वजीर जी५ वर येतो, एकाच वेळी घोड्यावर आणि जी२ वर. पांढऱ्याला वाटतं, आपण घोड्यानं एफ७ मारून वजीर आणि हत्ती दोन्हींवर नेम धरू. तो मारतो. काळा वजीर जी२ चं प्यादं घेतो, पांढरा हत्ती एफ१ वर सरकवतो, काळा वजीर ई४ मारून शह देतो. पांढरा उंट ई२ मध्ये घालतो आणि काळा घोडा एफ३ वर येऊन मात. राजाला हलायला एकही घर नाही, आणि ई२ चा उंट वजिरासमोर खिळलेला असल्यानं घोडा मारता येत नाही. सात चालींत डाव संपला. उत्तर अगदी साधं आहे: डी४ वर आलेला घोडा आपल्या घोड्यानं मारा, त्यानं प्याद्यानं परत घेतला की किल्लेकोट करा. तुम्हीच वरचढ आहात. फुकट दिसणारं प्यादं मारण्याआधी एकदा मागं सरून पूर्ण पट बघायची सवय इथून लावा.

काळा तिसऱ्या चालीला नुसतं एच६ किंवा डी६ खेळला, तर तो मागं पडलाय. किल्लेकोट करून, सी३ च्या आधारानं डी४ लवकर ढकला.

काळ्या सोंगट्या आल्या तर

ई४ ला ई५ हेच उत्तर द्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्ही एकच घर नांदवता. समोरचा इटालियन खेळला तर वरच्या काळ्याच्या चाली तुमच्या.

दोन गोष्टी मात्र हातात बसलेल्या हव्यात. पहिली, वजिराची घाई. पांढरा दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणतो. ई५ राखायला घोडा सी६. तो उंट सी४ वर आणतो आणि आता एफ७ वर वजिराची मात येऊ घातलेली असते. इथं घोडा एफ६ वर आणून वजिरावर हल्ला केला की संपलंच, तो एफ७ वर मात करतो. जी६ खेळा, वजीर एफ३ वर गेला की मग घोडा एफ६. मात टळली, त्याचा वजीर विनाकारण फिरला आणि तुमची मोहरी बाहेर आली.

दुसरी, तुम्ही तिसऱ्या चालीला घोडा एफ६ खेळलात आणि पांढऱ्यानं घोडा जी५ वर आणला तर. एफ७ वर आता उंट आणि घोडा दोघांचा मारा आहे. डी५ हे एकच नीट उत्तर. तो प्याद्यानं प्यादं मारतो, आणि इथं हात आवरा. घोड्यानं डी५ परत मारायचं नाही. मारलंत तर तो घोड्याचा बळी देऊन एफ७ फोडतो, राजानं घोडा घेतला की वजीर एफ३ वरून शह देतो, आणि डी५ चा घोडा वाचवायला तुमचा राजा ई६ वर, मैदानाच्या मध्यात येतो. त्याऐवजी सी६ चा घोडा ए५ वर न्या. उंट बी५ वरून शह, तुम्ही सी६, तो मारतो, तुम्ही बी प्याद्यानं मारता. एक प्यादं गेलं खरं, पण त्याचे उंट आणि घोडा दोघंही आता मागं पळणार आणि तुमची मोहरी तोवर बाहेर येणार.

पांढऱ्यानं डी४ नं सुरुवात केली तर डी५, घोडा एफ६, ई६, उंट बाहेर, किल्लेकोट. पहिल्या स्पर्धेला एवढं पुरतं.

टेबलावर बसल्यावर

पेअरिंगची, म्हणजे कुणाचा डाव कुणाशी याची, यादी भिंतीवर लागली की गर्दी होते. पालक यादीचे फोटो काढत असतात, मुलं पायांतून वाट काढतात. दोनच गोष्टी टिपून घ्या, टेबल क्रमांक आणि रंग. चुकीच्या टेबलावर बसून सुरू झालेले डाव निस्तरताना पंचांचीही दमछाक होते.

मोबाइल बंद करून बाहेर पालकांकडं द्या. ‘सायलेंटवर ठेवतो’ हे चालत नाही. खेळताना मोबाइल जवळ सापडला तर नियमानं डाव जाऊ शकतो.

हस्तांदोलन करून पंच सांगतील तेव्हा काळ्याचा खेळाडू घड्याळ दाबतो आणि पांढऱ्याचा वेळ सुरू होतो. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. उजव्यानं चाल आणि डावा घड्याळावर ठेवून बसायचं, ही मोबाइलबाहेर खेळायला आलेल्या मुलांची नेहमीची खोड आहे.

हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते. समोरच्याच्या सोंगटीला हात लावला तर ती मारता येत असल्यास मारावीच लागते. सोंगटी घरात वाकडी बसली असेल तर हात लावण्याआधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणा, आणि तेही आपली पाळी असतानाच. हा नियम किल्लेकोटात सगळ्यात जास्त बाधतो. किल्लेकोट म्हणजे राजाची चाल, म्हणून एका हातानं आधी राजा दोन घरं न्यायचा, मग हत्ती उडवायचा. आधी हत्तीला हात लावलात तर पंच हत्तीचीच चाल करायला लावू शकतात, आणि इटालियनमधली तुमची सहावी चाल हुकली. घरी सराव करतानाही आधी राजाच उचला.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि जवळ जादा वजीर नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडं मागा. हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणायची घरगुती सोय इथं चालत नाही, उलटा ठेवला तरी तो हत्तीच धरतात.

समोरच्यानं बेकायदा चाल केली, समजा शह असताना दुसरंच काही खेळला, तर त्याच्याशी वाद घालू नका. आपली चाल न करता घड्याळ थांबवा, हात वर करा, पंचांना बोलवा. पहिल्या वेळी तुम्हाला दोन मिनिटं वाढवून मिळतात, त्यानं दुसऱ्यांदा केलं तर डाव तुमचा. तुम्ही पुढची चाल करून बसलात तर रॅपिडमध्ये तक्रारीचा हक्क जातो. पंचांना हाक मारणं म्हणजे भांडण नव्हे. लाजाळू मुलांना हे घरी दोन-तीन वेळा करून दाखवा, अगदी हात वर करून ‘सर’ म्हणण्यापर्यंत.

बरोबरी मागायची तर आधी चाल करा, मग तोंडानं विचारा, मग घड्याळ दाबा. मोठ्या खेळाडूनं लवकर बरोबरी मागितली की नवखा हुरळून हो म्हणतो. तसं करू नका. तो मागतोय म्हणजे त्याला आपली बाजू फार आवडलेली नाही.

चाल लिहिणं

क्लासिकल डावात चाली लिहाव्याच लागतात. रॅपिडमध्ये सक्ती नाही, तरी लिहायची सवय आधीच लावा. कागदावर डावीकडं पांढऱ्याची, उजवीकडं काळ्याची चाल, इंग्रजी अक्षरांत. घोड्यासाठी ‘एन’ लिहितात, कारण ‘के’ राजानं घेतलेला आहे. प्याद्याला अक्षर नसतं, नुसतं घर. राजाच्या बाजूचा किल्लेकोट दोन शून्यांनी लिहितात. चाल करण्याआधी लिहून ठेवणं नियमाबाहेर आहे.

मी क्रम असा सांगतो. समोरच्यानं चाल केली की आधी ती लिहा. पेन खाली ठेवा. मग बघा: या चालीनं कशावर नेम धरला? ही सोंगटी हलली म्हणून मागं काय उघडं पडलं? मला खेळायची आहे ती चाल केली तर तो कुठून शह देऊ शकतो, काय मारू शकतो? तोवर दोन्ही हात मांडीवर. सगळं बघून झाल्यावरच हात वर. चाल, घड्याळ, मग आपली चाल लिहा. त्याची चाल लिहिण्यात जाणारे तीन-चार सेकंद हातोहात वाचवता येतात असं वाटेल, पण नेमके तेच सेकंद हाताला थोपवून धरतात.

वेळेचा अंदाज द्यायचा तर पंधरा मिनिटांच्या रॅपिडमध्ये वरच्या अकरा चाली तीन मिनिटांच्या आत व्हाव्यात, म्हणजे डी४ च्या आसपास, जिथं खरोखर विचार लागतो, तिथं वेळ शिल्लक असतो. उलटही बघितलंय: पंधरा मिनिटांचा डाव चार मिनिटांत हरून मूल बाहेर खेळायला पळतं. घड्याळावर अकरा मिनिटं तशीच.

दोन फेऱ्यांच्या मध्ये

पाणी, केळं, थोडं भडंग. मिसळ आणि तांबडा-पांढरा संध्याकाळी. जड जेवून बसलेल्याची तिसरी-चौथी फेरी ढिली पडते, हे दरवेळी दिसतं. हरलेल्या मुलाला लगेच ‘तो हत्ती का दिलास?’ विचारू नका. पुढची फेरी अर्ध्या-पाऊण तासावर असते, हॉलबाहेर सावलीत चक्कर मारून आणा. सकाळी नव्यानं सापळे शिकवणारे पालकही असतात. त्यांनी ते पुढच्या आठवड्यावर ठेवावेत.

डाव संपल्यावर

निकाल पत्रकावर दोघांनी लिहून सही करायची. तुमच्या नावापुढं १, ½ की ० लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. चुकीच्या निकालावर सही झाली आणि पुढच्या फेरीचं पेअरिंग लागलं की दुरुस्ती अवघड होते. सोंगट्या परत मांडून ठेवा. समोरचा तयार असेल तर हॉलबाहेर त्याच्याबरोबर डाव पुन्हा मांडा. तो काय बघत होता हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं आणि ते कुठल्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही.

घरी आल्यावर सगळे डाव एका वहीत उतरवा. रॅपिडमध्ये लिहिले नसतील तर आठवतील तेवढ्या चाली त्याच रात्री. संगणकाला दाखवण्याआधी प्रत्येक डावात दोन जागी खूण करा: आपण आपल्या ओपनिंगमधून बाहेर कुठं पडलो, आणि पहिली सोंगटी फुकट कुठं गेली. संगणकावर मग फक्त त्या दोन जागा तपासा, बाकी आकडे बघत बसू नका. सगळ्या डावांच्या खुणा शेजारी ठेवल्या की बहुधा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, कुणाचा घोडा सारखा उघडा पडतो, कुणी एच३ विसरतो, कुणी शह दिसला की देऊन मोकळा होतो. पुढच्या स्पर्धेची फी भरायच्या आधी तेवढ्या एकाच गोष्टीवर काम करा. ओपनिंग बदलू नका.